वसंतदादा आणि कृष्णेच्या पाण्याचा हिशेब

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा नकाशा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचत गेले, तर अवघ्या दीडशे किलोमीटरच्या अंतरात निसर्गाने केलेला पंक्तिप्रपंच ध्यानात येतो. महाबळेश्वरावर वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि माण, आटपाडी, जत या तालुक्यांच्या वाट्याला पाचशे मिलिमीटरदेखील धड येत नाही. मधल्या पट्ट्यातून कृष्णा, कोयना आणि वारणा वाहतात. तिन्ही नद्या काठावरच्या काळ्या रानांना समृद्ध करतात. पण पूर्वेच्या माळरानाची उंची त्यांच्या पात्राहून बरीच अधिक असल्यामुळे पाणी तिकडे आपसूक वळत नाही. ते अडवावे लागते, उचलावे लागते, आणि त्यासाठी पैसा लागतो. हा पैसा कोणी द्यावा, कोठे घालावा आणि ते ठरविताना कोणाला विचारावे, या तीन प्रश्नांभोवती येथील गेल्या शतकाचे राजकारण फिरत राहिले. या राजकारणातील सर्वांत मोठे नाव वसंतराव बंडूजी पाटील, अर्थात वसंतदादा यांचे.

वसंतदादांचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ चा. सांगलीजवळचे, कृष्णाकाठचे पद्माळे हे त्यांचे गाव. ते जेमतेम वर्षाचे असताना प्लेगच्या साथीत आईवडील दोघेही गेले आणि आजीने त्यांना वाढविले. शालेय शिक्षण फारसे झाले नाही. पुढे राज्याचे मुख्यमंत्री झाल्यावर याच गोष्टीवरून शहरी वर्तुळात त्यांच्याविषयी कुजबुज होत असे. मात्र १९८३ मध्ये विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देऊन हजारो मुलांना इंजिनीअर होण्याची वाट खुली करणारा मुख्यमंत्री हाच होता, हे त्या कुजबुजीत विसरले जाई. त्या निर्णयाचे सगळेच परिणाम चांगले झाले असे कोणी म्हणणार नाही, पण तो आजचा विषय नव्हे.

तरुणपणी ते स्वातंत्र्यलढ्यात ओढले गेले. बेचाळीसच्या आंदोलनात सातारा जिल्हा पेटून उठला होता; क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचे ते दिवस. त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग येत असे आणि सांगली शहर मात्र संस्थानात होते. वसंतदादांनी भूमिगत राहून सशस्त्र टोळी बांधली. १९४३ मध्ये ते पकडले गेले आणि सांगलीच्या किल्ल्यातील तुरुंगात त्यांची रवानगी झाली. २४ जुलै १९४३ रोजी सहकाऱ्यांसह त्यांनी तुरुंग फोडला, तटावरून उड्या घेतल्या. पाठलागात दोन सहकारी गोळीबाराला बळी पडले आणि दादा स्वतः गोळी लागून जखमी अवस्थेत पुन्हा हाती लागले. १९४६ मध्ये सुटका झाली. हा प्रसंग सांगलीत आजही घरोघरी सांगितला जातो. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व एवढेच, की पुढे गावोगावच्या शेतकऱ्यांनी दादांच्या शब्दावर जमिनी तारण ठेवल्या, त्यामागे या गोळीची पुण्याई होती.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. संस्थाने विलीन झाली, १९४९ मध्ये साताऱ्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले आणि १९६० मध्ये दक्षिण सातारा हे नाव जाऊन सांगली जिल्हा असे नामकरण झाले. १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत दादा सांगलीतून विधानसभेवर गेले. त्यांच्या बरोबरीचे अनेक जण मुंबईत रमले. दादांचे मन मात्र सहकारात होते. प्रवरानगरला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा करून दाखविला होता. तसाच कारखाना सांगलीत काढण्याचा ध्यास दादांनी घेतला आणि पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात शेतकरी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. गाळपक्षमतेच्या बाबतीत तो एके काळी आशियातील सर्वांत मोठ्या कारखान्यांत गणला जाई.

कारखाना उभा करणे ही निम्मी गोष्ट झाली. त्याला ऊस हवा आणि उसाला बारमाही पाणी हवे. कृष्णेवरचा जुना कालवा होता. कराडजवळ खोडशी येथे बंधारा घालून इंग्रजांनी १८६० च्या दशकात तो काढला होता आणि त्यावर कराड, वाळवा, तासगाव भागातील काही रान भिजत असे. पण तेवढ्याने भागणारे नव्हते. विहिरी उन्हाळ्यात तळ गाठत. सरकारी धरणे कागदावर होती. अशा वेळी दादा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जो मार्ग धरला, तो सहकारी पाणीपुरवठा संस्थांचा. सार्वजनिक गुंतवणूक आणि स्थानिक विचारविनिमय यांची सांगड म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर या संस्थांकडे जरा थांबून पाहावे लागेल.

नदीकाठी जॅकवेल बांधायची, त्यावर पंप बसवायचे, तेथून मोठ्या व्यासाच्या पाइपने पाणी गावाच्या उंच भागातील हौदात चढवायचे आणि तेथून पाटाने रानोरान सोडायचे, अशी ही रचना. ऐकायला सोपी. प्रत्यक्षात पाइपलाइन ज्याच्या रानातून जाणार तो अडून बसे. पाट कोणाच्या बांधावरून न्यायचा यावर भाऊबंदकी उफाळून येई. हौद कोठे बसवायचा, यावर कोणाचे रान भिजणार आणि कोणाचे राहणार हे ठरे, म्हणून वाडीवाडीचा त्यावर डोळा असे. नकाशा इंजिनीअर काढी, पण तो गावाच्या गळी उतरल्याखेरीज कुदळ पडत नसे. शेतकऱ्याने एकरी भाग भरायचा, उरलेली रक्कम भूविकास बँकेकडून कर्जाने उचलायची, कारखान्याने जामीन राहायचे आणि हप्ते ऊसबिलातून कापून घ्यायचे, असा व्यवहार होता. बँकेला वसुलीची खात्री, कारखान्याला उसाची, शेतकऱ्याला पाण्याची. तिघांचेही हितसंबंध एकाच दोरीत ओवले गेल्यामुळे या संस्था भराभर निघाल्या आणि कृष्णाकाठचा कायापालट झाला. पाण्याच्या पाळ्या ठरविणे, पाटकरी नेमणे, मोटार जळाली तर वर्गणी काढणे ही सगळी कामे गावकरीच करीत. ज्याचे पैसे अडकले आहेत तो लक्ष ठेवतो, हे साधे व्यवहारज्ञान दादांना पाटबंधारे खात्यात पाऊल टाकण्याच्या कितीतरी आधी झालेले होते.

या व्यवस्थेचे गुणगान पुष्कळ झाले आहे आणि ते अस्थानी नाही. पण पारावरच्या त्या बैठकीत कोण बसले होते, हेही विचारायला हवे. ज्याचे रान नदीच्या टापूत आहे, ज्याच्याकडे भाग भरण्याइतकी ऐपत आहे आणि ज्याला ऊस लावायचा आहे, तोच तेथे सभासद होता. भूमिहीन शेतमजूर त्या सभेत नव्हता. कोरडवाहू बाजरी पिकविणारा खानापूर-आटपाडीचा शेतकरी तर त्या गावातच नव्हता. त्याचा मुलगा मुंबईच्या गिरणीत होता किंवा गलाईचा धंदा करीत परराज्यात फिरत होता. याचा दोष एकट्या दादांच्या माथी मारता येणार नाही. सहकारी संस्था सभासदांचेच ऐकणार. तरीही सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक नदी यांचा वापर करणारी व्यवस्था सभासदत्वाच्या दारातून चालू लागली की दाराबाहेरच्यांचे काय, हा प्रश्न तेव्हापासून या दोन जिल्ह्यांच्या मानगुटीवर बसला. आणखी एक परिणाम पुढे दिसला. मोकाट पाण्याने वाळवा, मिरज, पलूस भागातील हजारो एकर जमीन क्षारपड झाली. काही पाणीपुरवठा संस्था कर्जात बुडाल्या आणि त्यांचा बोजा शेतकऱ्यांच्या सात-बारावर वर्षानुवर्षे राहिला.

याच काळात वरच्या अंगाला कोयनेचे धरण आकार घेत होते. यशवंतराव चव्हाण हे सातारा जिल्ह्याचे पुत्र. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात येते. १९५४ मध्ये कोयनेचे काम सुरू झाले, साठच्या दशकाच्या आरंभी वीज मिळू लागली आणि महाराष्ट्राच्या उद्योगांचा गाडा त्या विजेवर चालू लागला. पण ज्या पाण्याने ही वीज तयार होते, ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कोकणात उतरते. पूर्वेच्या दुष्काळी तालुक्यांना त्याचा थेंबही नाही. १०५ टीएमसी क्षमतेच्या या धरणासाठी ज्यांची गावे पाण्याखाली गेली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न सहा दशकांनंतरही पूर्ण सुटले नव्हते. धरण बांधताना बुडणाऱ्याला विचारण्याची रीतच त्या वेळी नव्हती. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ मध्ये, देशात पहिला म्हणून. आणि तोही बाबा आढाव, दत्ता देशमुख यांच्यासारख्यांनी रान उठविल्यानंतर.

पंचायत राज्य आल्यावर विचारविनिमयाला कायद्याची चौकट मिळेल अशी अपेक्षा होती. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि अडीचशे एकरांपर्यंतची लहान पाटबंधाऱ्यांची कामे त्यांच्याकडे सोपविण्यात आली. त्याहून मोठे जे जे, ते राज्य शासनाकडे. ही विभागणी प्रशासनाला सोयीची होती. तिचा एक परिणाम असा झाला, की गावाच्या तळ्याबद्दल गावाला मत विचारले जाई आणि ज्या धरणाने त्या गावाचे भवितव्य ठरणार, त्याबद्दल विचारले जात नसे.

वसंतदादा बराच काळ मंत्रिपदापासून दूर राहिले. प्रदेश काँग्रेसचे अध्यक्षपद, सहकारी साखर कारखान्यांच्या संघटना यांतच त्यांनी शक्ती खर्च केली. १९६७ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १९७२ मध्ये वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात ते आले आणि पाटबंधारे खाते त्यांच्याकडे गेले. वेळ मोठी कठीण होती. त्याच वर्षी महाराष्ट्राने शतकातील एक अतिशय भीषण दुष्काळ पाहिला. लक्षावधी माणसे खडी फोडायला आणि तळी खोदायला रोजगार हमीच्या कामांवर उतरली. या योजनेचे जनक वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते आणि तिचा पहिला प्रयोग त्यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातच, तासगाव तालुक्यातील विसापूर येथे केला होता. पुढे १९७७ मध्ये दादा मुख्यमंत्री असताना रोजगार हमीचा कायदा विधिमंडळात संमत झाला. दुष्काळात खोदलेल्या त्या पाझर तलावांपैकी कित्येक जागा चुकल्यामुळे कोरडेच राहिले, ही खंत तेव्हापासून ऐकू येते. मजुरांना काम देण्याची घाई इतकी, की पाणी कोठे मुरते हे त्या गावच्या म्हाताऱ्याला विचारण्यास कोणाला सवड नव्हती.

दुसरीकडे कृष्णा पाणीवाटपाचा तंटा शिगेला पोहोचला होता. न्या. बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील लवादाने डिसेंबर १९७३ मध्ये निवाडा दिला आणि १९७६ च्या मे महिन्यात अंतिम निवाडा राजपत्रात प्रसिद्ध झाला. महाराष्ट्राच्या वाट्याला ५६० टीएमसी पाणी आणि त्यावर पुनर्वापराचे काही, असे मिळून पुढे ५८५ टीएमसीचा आकडा रूढ झाला. कोयनेतून पश्चिमेकडे वळविण्याच्या पाण्यावर ६७.५ टीएमसीची मर्यादा आली. निवाड्याचा फेरविचार ३१ मे २००० नंतर होऊ शकेल, अशी तरतूद होती. लवादाने जुन्या वापराला संरक्षण दिले होते. त्यावरून तिन्ही राज्यांच्या राज्यकर्त्यांनी एकच धडा घेतला. जो आधी अडवील आणि वापरून दाखवील, त्याचेच पाणी. या धड्याने नियोजनाची सगळी तऱ्हाच बदलली. धरण कोठे हवे यापेक्षा ते किती लवकर होईल, हा प्रश्न मोठा झाला.

दादांनी या शर्यतीत महाराष्ट्राला मागे पडू दिले नाही. कृष्णेवर वाईजवळ धोम, वेण्णेवर साताऱ्याजवळ कण्हेर आणि वारणेवर चांदोली या धरणांच्या कामांनी सत्तरच्या दशकात वेग घेतला. धोमची क्षमता साडेतेरा टीएमसी, कण्हेरची सुमारे दहा आणि चांदोलीची चौतीस टीएमसीहून थोडी अधिक. चांदोलीच्या जलाशयाला वसंतसागर हे नाव आहे. आज सांगलीच्या माणसाला उन्हाळ्यात नळाला पाणी येते आणि कृष्णेचे पात्र कोरडे पडत नाही, ते या धरणांतून सोडलेल्या पाण्यामुळे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल, की त्याआधी उन्हाळ्यात कृष्णेच्या डोहांपुरतेच पाणी उरत असे.

इंजिनीअरांशी दादांचे नाते हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. ज्याला आपल्यापेक्षा अधिक कळते त्याच्याकडून समजून घ्यायचे आणि मग निर्णय स्वतः घ्यायचा, ही त्यांची पद्धत होती. लोकांना भेटण्याचीही त्यांची तऱ्हा वेगळी होती. मंत्री असोत वा मुख्यमंत्री, पहाटेपासून त्यांच्याकडे खेड्यापाड्यांतील माणसांची रीघ लागे आणि ते घरच्या कपड्यांत बसून एकेकाचे ऐकून घेत. गाऱ्हाणे ऐकतानाच कामाचा निकाल लागे. कागदाची वाट ते पाहत नसत. हा लोकसंपर्क विलक्षण होता आणि त्यातून त्यांना जमिनीवरचे जे कळे, ते सचिवांच्या टिपणांत कधीच आले नसते. तथापि, दारात येणाऱ्याचे ऐकणे आणि न येणाऱ्याकडे जाऊन विचारणे यांत अंतर आहे. सांगलीहून मुंबईला रात्रीची गाडी पकडून येणे जतच्या पूर्व भागातील मेंढपाळाला परवडणारे नव्हते.

दादांच्या राजकारणाचे चढउतार सर्वश्रुत आहेत. १९७६ मध्ये मंत्रिपद गेले, राजकारणसंन्यास जाहीर झाला. १९७७ मध्ये ते थेट मुख्यमंत्री होऊन परतले आणि जुलै १९७८ मध्ये शरद पवार बाहेर पडल्याने सरकार कोसळले. त्यानंतर लोकसभा, आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये पुन्हा मुख्यमंत्रिपद. पाण्याच्या दृष्टीने ही शेवटची दोन-सव्वादोन वर्षे त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत महत्त्वाची वाटतात.

धरणे बांधून थकलेल्या, किंवा निदान धरणांच्या मर्यादा ओळखलेल्या माणसाचे निर्णय या काळात दिसतात. पाणी अडवा, पाणी जिरवा ही मोहीम त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. १९८३ मध्ये सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम सुरू झाला. माथ्यापासून पायथ्यापर्यंत बांध, नाले, ताली यांची कामे एका पाणलोटात एकत्र करायची, विखुरलेली करायची नाहीत, अशी त्यामागची कल्पना. ज्या नेत्याचे सारे आयुष्य नदीतून पाणी उचलण्यात गेले, त्याने माळावरच पाऊस थोपवण्याची भाषा सुरू करावी, ही गोष्ट साधी नाही. मोहिमेचे पुढे सरकारी कार्यक्रमात जे होते तेच झाले. उद्दिष्टे वरून आली, बांध हेक्टरांत मोजले गेले आणि शेतकऱ्याने नको म्हटलेल्या जागीही बांध पडले. पेरणीला आडवे येतात म्हणून ते त्याने नांगरून टाकले. पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायतीचा प्रयोग केला होता. त्यात पाणी जमिनीच्या हिशेबाने न देता घरातील माणसांच्या हिशेबाने द्यायचे, भूमिहीनालाही हक्क द्यायचा आणि उसाला बंदी, असे नियम गावानेच ठरविले होते. सरकारी मोहिमेने त्यातले बांध घेतले. नियम गावाने ठरवायचे, एवढे मात्र राहून गेले.

त्याच वर्षी दादांच्या सरकारने प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा अभ्यास करणारी समिती नेमली. १९८४ मध्ये अहवाल आला आणि सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा अनुशेष त्यात मांडला गेला. सिंचनाचा त्यातील वाटा मोठा होता. विदर्भ-मराठवाड्याच्या दृष्टीने हा अहवाल ऐतिहासिक ठरला. पण समितीने मोजमापाचे एकक जिल्हा हे धरले होते. सांगली आणि सातारा हे जिल्हे सरासरीने सुखवस्तू दिसणार, हे उघड होते. वाळव्याचा ऊस आणि जतची बाभळ यांची बेरीज करून दोनाने भागले की दुष्काळ नाहीसा होतो. आटपाडी, माण, खटाव, कवठेमहांकाळ, जत हे तालुके अशा रीतीने आकडेवारीच्या सावलीत गेले.

या तालुक्यांसाठी दादांच्या कारकिर्दीत घेतलेला मोठा निर्णय म्हणजे ताकारी आणि म्हैसाळ या उपसा योजना. कृष्णा-कोयना उपसा सिंचन प्रकल्प या नावाने १९८४ मध्ये त्यांना प्रशासकीय मंजुरी मिळाली. अंदाजित खर्च ८२ कोटी ४३ लाख रुपये. ताकारीजवळ कृष्णेतून पाणी उचलून सागरेश्वराच्या डोंगरापलीकडे न्यायचे आणि मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे बंधारा घालून तेथून टप्प्याटप्प्याने पाणी चढवीत कवठेमहांकाळ, जतपर्यंत पोहोचवायचे, असा आराखडा होता. पद्माळ्याच्या जॅकवेलचीच ही मोठी आवृत्ती, असे म्हणता येईल. फरक एवढाच, की जॅकवेलचा खर्च गावाने वाटून घेतला होता, तर येथे सरकारच सर्व काही करणार होते. पंप किती चालतील, पाळी कोणती, पीक कोणते घ्यायचे आणि मुख्य म्हणजे विजेचे बिल कोणी भरायचे, या गोष्टी लाभधारकांबरोबर आधी ठरलेल्या नव्हत्या. त्याची किंमत पुढे दोन्ही बाजूंना मोजावी लागली.

हेच दिवस खानापूर तालुक्यात वेगळ्या हालचालींचे होते. मुंबईचा गिरणी संप फसल्यावर गावी परतलेले कामगार आणि दुष्काळी कामांवरचे मजूर मुक्ती संघर्ष चळवळीत एकत्र आले. येरळा नदीच्या वाळूचे लिलाव थांबवावेत, वाळूविक्रीचा हक्क गावाला द्यावा आणि त्या पैशातून गावानेच धरण बांधावे, अशी मागणी घेऊन बलवडी आणि तांदुळवाडी या गावांनी बळीराजा स्मृती धरण उभे केले. भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्यात वाटा, हे तत्त्व त्यांनी धरणाचा पहिला दगड बसण्यापूर्वीच ठरविले होते. धरण लहान आहे. शासनाच्या खतावणीत त्याची नोंद एखाद्या ओळीची असेल. मात्र ज्या प्रश्नाला सहकारी पाणीपुरवठा संस्था आणि सरकारी योजना या दोन्हींनी बगल दिली होती, तो तेथे सरळ सोडविला गेला.

जून १९८५ मध्ये दादांनी मुख्यमंत्रिपद सोडले. राजस्थानचे राज्यपाल म्हणून ते १९८७ पर्यंत जयपूरला होते आणि तेथून परतल्यावर प्रकृती साथ देईनाशी झाली. १ मार्च १९८९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. पुण्याजवळ मांजरी येथील साखर संशोधन संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. त्या वेळी म्हैसाळचे पंप सुरू होणे खूप दूर होते.

पुढची दहा वर्षे रखडपट्टीची होती. लवादाची २००० ची मुदत डोक्यावर आली, तेव्हा १९९६ मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन करून रोख्यांतून पैसा उभारण्यात आला आणि टेंभूसह अनेक योजना एकदम हाती घेण्यात आल्या. तोवर दादांचे बेचाळीसच्या लढ्यातील सहकारी, वाळव्याचे क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, दुष्काळी तालुक्यांत उतरले होते. १९९३ पासून त्यांनी आटपाडीला पाणी परिषदा भरविल्या, वर्षानुवर्षे भरविल्या आणि सातारा, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांतील हजारो माणसांना एका मांडवात बसवून पाण्याचा हिशेब शिकविला. स्वतः साखर कारखाना काढलेला हा माणूस समन्यायी पाणीवाटपाची मागणी करीत होता, हे विशेष. नदीकाठी बसणारी जुनी बैठक प्रथमच माळावर सरकली होती.

ताकारी आणि म्हैसाळचे पाणी प्रत्यक्ष वाहू लागल्यावर विजेच्या बिलाचा प्रश्न आला. थकबाकीपोटी पंप बंद पडत, दुष्काळ जाहीर झाला की टंचाई निधीतून बिल भरून ते चालू होत आणि पाणीपट्टी वसुलीसाठी अखेर ऊसबिलातून कपात करण्याची जुनीच युक्ती वापरावी लागली. पुढे २०१० च्या दशकाच्या अखेरीस बिलाचा ८१ टक्के भार शासनाने आणि १९ टक्के लाभधारकांनी उचलावा, असे सूत्र ठरले. खर्चाचा मूळ ८२ कोटींचा अंदाज काही हजार कोटींवर गेला. दरम्यान २००५ मध्ये शेतकऱ्यांकडून सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन करण्याचा कायदा आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा असे दोन कायदे झाले. पाणीवापर संस्थांना त्यामुळे वैधानिक स्थान मिळाले. बैठकीला कोणी बसायचे, हे कायद्याने सांगितले. संस्था कागदावर किती आणि पाटावर किती, याविषयी मात्र या भागात फिरणाऱ्या कोणाचेही मत फारसे उत्साहवर्धक नसते.

एप्रिल २०१६ मध्ये लातूर तहानले, तेव्हा मिरजेहून कृष्णेचे पाणी रेल्वेच्या वाघिणींतून तिकडे धाडण्यात आले. पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. देशभरच्या वर्तमानपत्रांत त्या जलदूत गाडीची छायाचित्रे झळकली. मिरज ज्या जिल्ह्यात आहे, त्याच जिल्ह्यातील जतचा पूर्व भाग मात्र म्हैसाळच्या लाभक्षेत्राबाहेरच होता. तेथील ग्रामपंचायतींपैकी काहींनी पाणी मिळत नसेल तर कर्नाटकात जाऊ, असे ठराव सुमारे २०१२ च्या सुमारास केलेले होते. मुंबईत त्या ठरावांकडे फारसे कोणी पाहिले नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच ठरावांचा हवाला देत जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला आणि सीमेपलीकडच्या तुबची-बबलेश्वर योजनेचे पाणी जतच्या हद्दीत सोडले गेले. मग महाराष्ट्राची यंत्रणा हलली. जत तालुक्यातील पूर्णपणे वंचित ४८ आणि अंशतः वंचित १७ अशा ६५ गावांसाठी विस्तारित म्हैसाळ योजनेला सुमारे दोन हजार कोटी रुपयांची मंजुरी मिळाली. वसंतदादांच्या सरकारने मूळ योजनेच्या कागदावर सही केली, त्याला तेव्हा अडतीस वर्षे होऊन गेली होती.